नवऱ्याचं नाव काय

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७. मुलुंड.

आधी एक सांगते. या वहीची पेन्सिल दोऱ्यानं खाटेला बांधलीय, ते मला मुळीच आवडलेलं नाही. मी काय पेन्सिली पळवायला आलेय? असो. नमस्कार.

पेशंटसोबत येणाऱ्यानं रोज लिहायचं असं डॉक्टर म्हणाले. झोप किती, खाणं किती, बोलणं काय. मी चार यत्ता शिकलेली, त्याही मालवणात, छडीच्या धाकानं. लिहीन तसं वाचा.

जागा झकास आहे. बंगला कौलारू, मागं डोंगर, चहा वेळेवर. आमच्या वाकोल्याच्या खोलीत तिघांचे पाय एकमेकांत अडकतात. नीला माझी नात, वय चोवीस. भाद्रपदात पोर मेलेलं जन्मलं, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून असते. नातजावई अनंतराव टॅक्सीनं सोडून गेले. डॉक्टरांनी या दुखण्यावर विलायतेत लेख छापलाय म्हणे. भूल देऊन शॉक द्यायचा, दुखत नाही, मन हलकं होतं. नीलानं आज अर्धी भाकरी खाल्ली.

मंगळवार, ५

सकाळी पहिला शॉक. मी पाय धरायला होते. दंडात इंजेक्शन, दातांत रबर, उलटे आकडे मोजायचे. सातावर तिला गुंगी आली. शॉकला फक्त पायाची बोटं हलली, मासळी टोपलीत हलते तशी.

जागी झाल्यावर कुंदा नर्सनं छापील कागदावरचे सात प्रश्न विचारले. वार कोणता, गाव कोणतं. सहा बरोबर आले. सातवा, नवऱ्याचं नाव काय. नीलानं मान खाली घातली, पदर ओढला. कुंदानं शून्य मांडलं. मला हसू फुटलं. अगो, चांगल्या घरातली बाई नवऱ्याचं नाव घेते काय!

गुरुवार, ७

दुसरा शॉक. पुन्हा शून्य. डॉक्टरांना समजावलं, पोरगी विसरलेली नाही, लाजतेय. ते गोड हसले. म्हणाले, आजी, रीत मला ठाऊक आहे. पण लेखात प्रश्न छापून गेलाय. एकीला बदलला तर आधीच्या चाळीस बायका वाया जातील. शून्य म्हणजे गुण नाही. गुण नाही तर आणखी एक शॉक.

शनिवार, ९

तिसरा. सकाळीच नीलाला म्हटलं, बाये, लाज घाल चुलीत, नाव घे. ती म्हणाली, नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, तूच शिकवलंस ना गं?

मीच. खरं आहे. तिच्या लग्नात मीच सांगितलं होतं.

शून्य.

रविवार, १०

अनंतराव आले. नीला रडत नाही यावर खूश. मी म्हटलं, मेल्या, ती रडतही नाही आणि हसतही नाही. डॉक्टरांसमोर असं बोलू नका म्हणाले. माझ्यासमोर तिला सांगा, नाव घ्यायची परवानगी आहे, असं मी म्हटलं, तर कानांपर्यंत लाल झाले आणि टॅक्सी थांबलीय म्हणून निघाले.

मंगळवार, १२

चौथा. माझ्या गळ्याची शपथ घातली होती. घेते म्हणाली होती.

कुंदानं विचारलं. नीलानं तोंड उघडलं. पदर ओढला नाही. मान खाली घातली नाही. छताकडे बघत शोधत राहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं —

कुणाच्या नवऱ्याचं?

बुधवार, १३

मीच कानात सांगितलं. अनंत, अनंत, अनंत. म्हण. म्हणाली. चहा संपेपर्यंत पुसलं गेलं.

डॉक्टरांचे पाय धरले. बंद करा. ते ही वही चाळत होते. म्हणाले, झोप कमी, संशय फार, मधेच हसणं, वयस्कर बाई, चांगली केस आहे. माझ्याबद्दल म्हणाले. नीलाबद्दल नाही.

गुरुवार, १४

पाचवा. मी पाय धरले नाहीत. कुंदानं धरले. बोटंसुद्धा हलली नाहीत.

दुपारी नीलानं माझ्या हातची पेज खाल्ली. तू कोण गो, म्हणाली. चांगली आहेस.

शुक्रवार, १५

शेजारी दुसरी खाट आणलीय. माझ्यासाठी. कागदावर अनंतरावांची सही आहे, मला दाखवली. दाराला बाहेरून कडी.

मलाही तेच सात प्रश्न. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. जन्मात नाव घेतलं नाही. मोरीत जाऊन घेऊन पाहिलं — जीभ वळत नाही. लिहून देते म्हटलं. नको म्हणे, बोललं पाहिजे.

शनिवार, १६

इंजेक्शनची सुई उकळायला ठेवलीय. वास येतोय. नीलाचा आज सहावा — आधी ती, मग मी —

कुंदा, वाच हे. नीलाला सातवा प्रश्न विचारायचा नाही. मलाही नाही. अनंतरावांना बोलव. या खाटेवर बसव. तुमच्या बायकोनं पोराचं नाव काय ठरवलं होतं, ते त्यांना विचार. उत्तर त्यांनीच द्यायचं. मी नाही, ती नाही, डॉक्टर नाही. त्यांनीच, मोठ्यानं, आणि उत्तर येईपर्यंत त्यांना उठू देऊ नको —