खालांची कुंती

१० फेब्रुवारी १९७४. वडीगोद्री.
बिऱ्हाड लागलं. घरमालकीण जैबुन्निसा, अख्खं गाव त्यांना खाला म्हणतं, म्हणजे मावशी. आमच्या दोन खोल्या आणि त्यांचं घर यांच्यात उंच भिंत. पलीकडं बायकांचं अंगण, परक्या पुरुषानं जायचं नाही. संध्याकाळी तिकडून कुंतीच्या फुलांचा वास आला. शाळेचे पेपर तपासायचे राहिले.

१५ फेब्रु.
सुमन आत जाऊन आली. "अहो, सगळं कडूलिंबाच्या सावलीत! कुंती माझ्या डोक्याच्या वर गेलीय. खाली तगर, अबोली. पिवळं पान औषधाला न्हाई." मी विचारत सुटलो. आळं केवढं? पाणी कधी? शेवटी बाईसाहेब वैतागल्या, "तुम्हीच जा की!"
जाता येत नाही हीच तर पंचाईत. लहानपणी जातीमुळं किती दारांबाहेर उभं केलं आम्हाला, ते अजून सलतं. इथलं सलत नाही. हेडमास्तर आले तरी त्यांनाही हीच भिंत.

३ मार्च
मी आमच्या बाजूला, सावलीतच, अबोली लावली. खालांचा निरोप: "मास्तरला म्हणावं, मातीत बोट घालून बघ, मंगच पाणी दे. पाचोळा झाडू नको." बाईंना भिंतीतून दिसतं की काय! आजच झाडला होता.

२८ मार्च
खाला बहिणीकडं हसनाबादला. शहागडला टायरचं दुकान चालवणारा त्यांचा सलीम आला आणि लिंबाची मोठी फांदी पाडली. "अम्मीच्या झाडांना उजेड पडंल, फुलं जास्त येतील." भला पोरगा. पण वैशाखाचं ऊन पुढं आहे. मी म्हणालो तसं. तोवर फांदी खाली.

९ एप्रिल
खाला परतल्या. सुमन बघून आली. कुंती भाजून निघाली. ही कुंती त्यांच्या नजमानं लग्नाआधी लावलेली. नजमा पहिल्या बाळंतपणात गेली. लेकीच्या हातचं एवढंच उरलेलं.
सलीमला एक शब्द बोलल्या नाहीत. आधी जेवू घातलं. "पोरानं माझ्यासाठीच केलं, त्याला काय बोलू?" हे मला जमलं नसतं. कुणालाच जमलं नसतं.

१० एप्रिल
बारदानं शिवून दिली. सलीमनं बांबू रोवून वर बांधली. सावली झाली, उशिरा का होईना.

५ मे
कुंतीचं पान न् पान गळलं. दुपारी सलीम बोलवायला आला. "अम्मीनं आत बोलावलंय, जल्दी चला."
गेलो. बायका आत, दाराला पडदा. लिंबाच्या उरलेल्या सावलीत अबोली अशी फुललेली, की क्षणभर कशाला आलो तेच विसरलो. तगर गच्च. ओली माती, पाचोळा, गारवा. बाहेर रस्ता भट्टीसारखा तापलेला आणि इथं हे! या बाईनं एवढं उभं केलं आणि कुणाला दाखवायचंही नाही. धन्य.
मधोमध कुंतीचा सांगाडा. नखानं साल खरवडली. वर तपकिरी. पार जमिनीलगत थोडी हिरवी.
"खाली जीव आहे, खाला. वरचं कापावं लागेल."
पडद्याआडून आवाज आला, "मिरग लागू दे, मंग काप. पण तूच काप. सलीमला लावू नको. जल्मभर त्याच्या मनात राहील."

१२ जून
कापली. गुडघ्याएवढी ठेवली. सलीम मुद्दाम शहागडला धाडलेला.

२३ जून
काही नाही. अबोलीला मात्र बहर. शेजारी शेजारी, आणि...

३० जून, रविवार
सकाळी गेलो. आज पडदा नव्हता. खाला ओसरीवर बसलेल्या, डोक्यावर पदर. मीच गडबडून खाली बघायला लागलो.
"खाली काय बघतो, झाडाकडं बघ. बराबर बघ."
बुंध्याशी बसलो. बोटानं चाचपत गेलो. खोटं बोलावंसं फार वाटलं.
"कोंब न्हाई, खाला."
त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पुढच्या रईवारी ये."
"आणि तेव्हाबी न्हाई आला तर?"
"तरी ये."