सहा रायफलींचे वाकडे दांडे

२४ सप्टेंबर
काळूकाकाचा शहाडला कारखाना, शूटिंगसाठी खोटी हत्यारं बनवायचा. मी तिथेच. आज मोठी ऑर्डर आली. वेबसिरीज, साल १९०५, स्वीडनची फौज. सहा रायफली, लाकडी, फक्त गोळी भरायचा बोल्ट आणि त्याचा दांडा लोखंडी. जो बरं काम करेल तो महिनाभर सेटवर हत्यारवाला म्हणून जाणार. म्हणजे मीच. दुसरा उमेदवार संदेश. डोंबिवलीचा, आयटीआय झालेला, डब्यात रोज भेंडी. त्याचं तोंड बघितलं की माझी सकाळ नासते.

२५ सप्टेंबर
संकल्प: स्वीडिश रायफलींचा सगळा इतिहास पाठ करायचा. व्हिडिओ अठ्ठावीस मिनिटांचा. सात मिनिटं बघितली. १८९४. डिझाईन जर्मन माउझरचं. आखूड, घोडेस्वारांसाठी, बोल्टचा दांडा खाली वाकवलेला. मग जाहिरात आली. पुढचं अंदाजाने कळतं. इतिहास असून असून किती असणार.

२७ सप्टेंबर
संदेशने सहाही दांडे सरळ ठेवलेत! मी म्हटलं, अरे येड्या, वाकडे पाहिजेत. तो म्हणाला, विकी, सिरीजवाल्या मृणाल मॅडमनी फोटो पाठवलाय, बघ ना. नाही बघितला. फोटो काय, कोणीपण पाठवतं.
त्याच्या चहात मीठ टाकलं. प्यायला. वर म्हणतो, बीपी लो झालेला, बरं वाटलं. नालायक.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ७
मास्टरप्लॅन. उद्या खंडेनवमी. अवजारं एकदा पूजेला मांडली की दसऱ्याची पूजा उरकेपर्यंत काका स्क्रूड्रायव्हरलासुद्धा हात लावू देत नाही. आणि मॅडम दसऱ्याला सकाळीच माल उचलणार.
संदेश घरी गेला. मी एकेक दांडा वाइसच्या लोखंडी पकडीत धरला, वरून पाइप घातला, वाकवला. सहाच्या सहा. उद्या बोंबलू दे, सरळ करणार कशाने? माझं डोकं चालतं म्हणजे चालतं.

१ ऑक्टोबर, सकाळ
वाइसला झेंडूचा हार. हातोडा, पाने, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू. संदेशने रायफली बघितल्या. विचारलं, तू केलंस? मी म्हटलं, इतिहासाने केलं.

दुपारी २
बोअर झालं म्हणून उरलेला व्हिडिओ बघितला.
१८९६. लांब रायफल, पायदळासाठी. दांडा सरळ. १९३८ ला तीच कापून आखूड केली.
ऑर्डर परत वाचली. पायदळ.
हे व्हिडिओवाल्याने आधी नको सांगायला? चूक त्याची.

दुपारी ४
काकाकडे पाच मिनिटं वाइस मागितला. काका म्हणाला, त्या हाराला हात लाव तं, तोच तुझ्या फोटोला घालतो. संदेशला मस्का मारला. तो म्हणाला, नियम काकांचा, प्लॅन तुझा, मी कोण रे? भेंडी खात होता. सणाला पण!

संध्याकाळी ६
दार काय अवजार नाही. बिजागरीच्या फटीत दांडा अडकवला, ओढला. वेल्डिंग सुटलं. माल हलका, संदेशचं वेल्डिंग. असे पाच गेले. सहावा दांडा टिकला, दारच निखळून हातात आलं.

२ ऑक्टोबर, दसरा
काका काय काय बोलला ते लिहीत नाही, सण आहे.
मृणाल मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, मेलेल्या सैनिकांच्या बाजूला बर्फात टाकायला या चालतील. बघा! म्हणजे काम पसंत पडलं. उभ्या सैनिकांच्या सहा रायफली संदेश परवापर्यंत नवीन करून देणार.
सेटवर माझंही सिलेक्शन झालं. संदेश हत्यारवाला. मी प्रेत, उजवीकडून तिसरं. तोंड खाली.
रोज सकाळी संदेश येणार, मोडकी रायफल माझ्या पाठीवर ठेवणार, आणि मी त्याला एक शब्द बोलायचा नाही. महिनाभर.