एका वाटीवर उठणारी मुलगी

सोनिवली, बदलापूर

ती. सरूआत्यास तेजलचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि नुकतीच व्यायलेली म्हैस, दोघांची खुशाली कळव. (धरणाकडे तुझा फोन लागत नाही, म्हणून आमची खबर कागदावर.)

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात माझं वजन एकशे चार किलो लिहिलं होतं, ते एकशे सहा आहे. मी काम करते त्या कॅम्प तीनच्या जीन्स कारखान्यात गठ्ठ्यांच्या काट्यावर उभी राहिले होते आणि तो काटा बारदानाचे दोन किलो आपोआप वजा करतो. आमचे मालक भावेशशेठ हसून म्हणाले, "अरे बेटी, तू बोरी में बैठके थोडी तुली थी!" तूच मला पाटीवर अक्षरं शिकवताना सांगायचीस, चुकलेलं लपवायचं नाही. म्हणून.

तर वजनाचं ऑपरेशन. साखर तीन वर्षं हटत नाही, जिने चढताना धाप लागते, म्हणून अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जठराचा मोठा भाग काढतात, पुढे जन्मभर थोडं थोडं खायचं, गोळ्या आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. त्यांनी घाई केली नाही. पंधरा दिवस खाल्लेलं सगळं खरं लिहून आण म्हणाल्या. मी लिहिलं. (चहात बुडवताना तुटून पडलेलं बिस्कीटसुद्धा, कारण ते मी नंतर चमच्याने काढून खाल्लं.)

वही डॉक्टरीणबाईंनी उघडली आणि थांबल्या. "इथे अक्षर बदललंय." मीही तेव्हाच पाहिलं. माझ्या 'एक भाकरी'पुढे 'वर आणखी दोन, तुपासकट' असं गोल अक्षरात होतं. जवळजवळ रोज. शेजारी बसलेली आई शांतपणे म्हणाली, "मी लिहिलं. एका भाकरीवर भागवते असं वाचून तुम्हाला वाटायचं, घरात पोरीला उपाशी ठेवतात. आमच्याकडे पाहुणासुद्धा एका वाटीवर उठत नाही."

"ताई, ऑपरेशननंतर ही रोज एका वाटीवर उठणार. तुम्हाला चालेल?"

आत्या, आईने वही मिटून पिशवीत ठेवली. मला भूल, टाके, कशाचीच एवढी भीती वाटली नव्हती. आईच्या ताटावरून लवकर उठायचं, हाच खरा प्रश्न होता आणि तो मी वहीत लिहिलाच नव्हता.

घरी येऊन तिने फळीवरचा डबा खाली काढला. त्यात माझ्या उष्टावणाला तू दिलेली चांदीची वाटी होती. तीत वरणभात भरून माझ्यापुढे ठेवला. "बघू, पुरतो का." (त्या दिवशी नाही पुरला. खरं ते लिहिते.) पण वाटी आता घासून रोजच्या भांड्यांत असते, आणि मी ऑपरेशनचं ठरवलं. बरं वाटतंय.

तुझी,
तेजल

ता. क. पंधरा दिवसांची वही मी पुन्हा लिहून दिली. आईने फक्त शेवटी सही केली.

ता. क. दुसरा. एवढं खरंखरं लिहिलं, पण बाबांना आम्ही मूतखडा सांगितलाय. तुझ्या धाकट्या भावाला आमच्याच्याने सांगवत नाही. भाऊबीजेला येशील तेव्हा ओवाळून झाल्यावर साडी घेऊ नकोस, खरं काय ते सांगून त्यांचा होकार माग. ताटासमोर तुला ते नाही म्हणणार नाहीत. आणि म्हणालेच, तरी मी एक डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी सात वाजता दाखल होणार आहे.