चौदा फुटी काच

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघी कालपासून दुकानात राहायला आलो. चपलांचं बंद पडलेलं दुकान आहे. समोर एकच काच, चौदा फूट रुंद, सात फूट उंच. पंधरा दिवस आम्ही इथेच जेवायचं, झोपायचं, भांडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते बघायचं, हेच आमचं प्रदर्शन. घरातलं कुठे संपतं आणि चारचौघांतलं कुठे सुरू होतं, ते आम्हाला शोधायचंय. न्हाणीघर मागे आहे आणि त्याला दार आहे, हे आईला आधी सांगा.

नियम एकच, आणि तो मीच केलाय. बाहेरून आत आलेली प्रत्येक वस्तू काचेवर लावायची, पत्रंसुद्धा.

डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले? जीव टांगणीला लागलाय. फोन आम्ही पंधरा दिवस बंद ठेवलेत, तेव्हा उलट टपाली कळवा.

तुमची लाडकी (आई काही म्हणो),
खारू

दि. ७ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. काचेबाहेर उभ्या असलेल्या मंडळींनाही नमस्कार.

तीस वर्षं मी लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले आणि पोटची पोर काचेत जाऊन बसली. तुझी आई म्हणते, पोरीला संगत वाईट लागली. मी म्हटलं, लहानपणी सगळा वेळ माझ्याच दुकानात असायची.

इथे सर्व क्षेम. परवा एका घरचे धुतलेले पडदे आले. खालच्या दुमडीत मी शिवलेली कापडी चिठ्ठी होती म्हणून कुठला कुठल्या खिडकीचा ते कळलं. डॉक्टर भला माणूस आहे. त्याच्या दवाखान्याचे पडदे मात्र दोन बोटं आखूड आहेत. बाकी तो म्हणाला ते म्हणाला. माझी निम्मी गिऱ्हाइकं तुझ्या रस्त्यावर बाजाराला येतात, एवढं ध्यानात घे.

मंडळींना विनंती, की पोरगी पांघरूण लाथाडून झोपते. दिसल्यास काचेवर टकटक करावी.

माया आहेच, ती काचेवर लावण्याजोगी नाही.
तुझा बाबा

दि. १० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवसातून चारपाच जण टकटक करून मला पांघरूण घ्यायला सांगतात. भर दुपारीसुद्धा. एक बाई रोज येऊन तुमच्या पत्रावर बोट ठेवतात आणि खुणेनेच विचारतात, की डॉक्टर काय म्हणाले. मी खांदे उडवते. काल त्या माझ्यावरच डाफरल्या, की मुलगी असून बापाला धड विचारता येत नाही.

मैत्रिणींना विचारलं, एक पत्र न लावता ठेवू का. त्यांनी नियम कुणी केला ते विचारलं. बाबा, मला खरंच भीती वाटते. काही कळलं नाही तर मी सगळं टाकून निघून येईन, मग तिघींची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल.

उत्तराची वाट बघणारी,
खारू

दि. १३ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. विचारपूस करणाऱ्या बाईंना विशेष नमस्कार.

निघून येऊ नकोस. सोबत एक वस्तू धाडतो आहे. नियमाप्रमाणे ती काचेवर लावावी. त्यासाठी वर पितळी कड्या बसवल्या आहेत. माप तुझ्याच पत्रातलं घेतलं. शिवला आहे नेहमीसारखाच.

तुझा बाबा

दि. १५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे.

पडदा लावला. नियम म्हणजे नियम, त्यामुळे मैत्रिणींनाही कड्या अडकवायला हात लावावा लागला. बाहेर आजवरची सगळ्यात मोठी गर्दी जमली. तासभर सगळे कापडाकडे बघत उभे होते.

मी दुमड उसवायला बसले. तुमची शिलाई जन्मात कधी सूतभर हलली नव्हती. इथे ती इंच इंच वरखाली गेली होती. चिठ्ठी हाती लागायच्या आधीच मला कळलं आणि मी ढसाढसा रडले. मैत्रिणी न सांगता मागच्या खोलीत गेल्या.

उजवा डोळा गेल्यातच जमा, डाव्याचं ऑपरेशन वीस तारखेला, गिऱ्हाइकांना कळता कामा नये, आईलाही अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला भीती वाटते. शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. ते तुम्ही मला यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं.

आईला आजच्या आज सांगा, नाहीतर मी येऊन सांगेन. प्रदर्शन परवा संपतं. अठराला सकाळी पोचते. चिठ्ठी लावली नाही. पुन्हा दुमडीत शिवून टाकली. माझी शिलाई तुमच्याहून वाकडी आली, तेव्हा काळजी नसावी.

संध्याकाळी त्या बाईंनी टकटक केली. मी पडदा जरा बाजूला करून काचेला तोंड लावलं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, काही सांगू नकोस म्हणाल्या आणि मला पडदा लावून घ्यायची हाताने खूण करून गेल्या.

भीती मी येईपर्यंत जपून ठेवा. मग निम्मी माझी.
खारू