पिवळ्या छत्रीवरचं पीठ

अव्वा,

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्या उडणाऱ्या हिरोच्या मालिकेत लपवलेली पिवळी छत्री त्यांनीच माझ्याआधी शोधली. मालिका करणाऱ्यांनी प्रत्येक भागात ती कुठंतरी दडवलेली असतेच. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, “काय लेकरावानी करून राहिलाव!”

त्यानंतर मी ती मालिका बघितलेली नाही. तरी शाळेत शिकवून घरी येते, तेव्हा मालिका पुढच्या भागावर गेलेली असते. विचारलं, तर तू म्हणतेस, “म्या न्हाई बाई हात लावला.” आज चित्र मधेच थांबवलेलं होतं आणि त्यातल्या छत्रीवर पिठाचं बोट उमटलं होतं.

मी ते पुसलं नाही. टँकर आलाय, घागरी घेऊन चौकात जाते. मी येईपर्यंत पुढचा भाग लावू नकोस. मला एकटीला करमत नाही, अव्वा.

महानंदा