आईची धुतलेली नोट

झिलिना, २६ फेब्रुवारी १९९३

प्रिय व्हिएराताई,

“तिकीट चिकटवलं, झाला देश,” असं आजी म्हणायची, आठवतं? १९१९ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नोटांवर तिकिटं लावून आपला चेकोस्लोव्हाक क्राउन जन्माला आला, तेव्हा ती रांगेत उभी होती. तुझे गुडघे कसे आहेत? बोहुमिल भाऊजींना (आणि त्यांच्या मिशांना) नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण मग पत्र लिहायचं कारणच उरलं नसतं.

जानेवारीत चेक आणि स्लोव्हाक अशी देशाची वाटणी झाली, या महिन्यात नोटांचीही झाली. तू तिकडे ब्रनोला तुझ्या बँकेत जुन्या नोटांवर तुमची चेक तिकिटं लावलीस, इकडे आमची स्लोव्हाक लागली. आईने तिकीट लागलेली शंभराची हिरवी नोट एप्रनच्या खिशात ठेवली आणि एप्रन क्तिबोरच्या कपड्यांबरोबर यंत्रात टाकला. नोट स्वच्छ निघाली, अगदी लख्ख; तिकीट तेवढं गेलं. ते दुसऱ्या दिवशी क्तिबोरच्या मोज्यावर सापडलं, तेही कचेरीत, साहेबांसमोर. (म्हणजे एक दिवस आमच्या घरात कायदेशीर चलन काय ते माझ्या नवऱ्याचा डावा पाय होता.) आई नोटेला इस्त्री करून बँकेत गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, ही आपल्या देशाची नोट नाही.” आई म्हणाली, “ठाऊक आहे गं. धुतल्यावर ती मागच्या देशात गेली.”

तेव्हापासून मला या क्राउनने पछाडलंय. आजीची १९१९ची नोट मी अल्बममधून काढून भिंगाखाली धरली. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, तिकीट जागचं हललेलं नाही. आणि आमचं तीन आठवडेसुद्धा टिकलं नाही. डिंक बदलला, की आपण? तिकिटानेच सुरू झालेलं चलन तिकिटानेच संपावं, हे कुणी ठरवलं असेल का? मधल्या काळाचं आईला विचारलं, तर तिला त्रेपन्न साल तेवढं आठवतं. शिवणयंत्रासाठी साठवलेल्या पैशांची त्या सालच्या नोटबदलीत किंमत पडून फक्त एक टोपी आली. ती टोपी ती अजून वापरते आणि तिला ‘यंत्र’ म्हणते.

मोज्यावरचं तिकीट मी जपून सोडवलंय, पण आई ते पुन्हा लावू देत नाही. एवढंच लावलं तर ही नोट व्हिएराकडे चालायची नाही, म्हणते. नाताळात तू म्हणालीस ना, की आता पासपोर्ट घेऊन यावं लागणार, तर वर्षातून एकदाच जमेल. ते तिने ऐकलं होतं. आता ती नोट स्वयंपाकघरात खसखशीच्या डब्याला टेकवून ठेवली आहे, आणि शेवया करताना आई तिच्याशी बोलते.

तुझी,
दरीना

ता. क. तुमच्याकडचं एक तिकीट मिळेल का? नोट नको, नुसतं तिकीट. आईला दोन्ही शेजारीशेजारी लावायची आहेत. हे बेकायदेशीर आहे हे मला माहीत आहे, आणि तुला तर माझ्याहून जास्त. तू दुसरीतही मला पेन्सिल दिली नव्हतीस.

पुन्हा ता. क. तू नाही म्हणणार, हे मी आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, पत्राने नको म्हणावं. तेव्हा ईस्टरला ये, आणि तिच्यासमोर बसून नाही म्हण. यालाही तू नाहीच म्हणशील. तरी ये.