बाबांच्या उशाशी कोण होतं

ता. ३ मार्च

चि. ढब्ब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. सभेत लोक तुला साहेब म्हणत असतील, माझ्या लेखी तू ढब्ब्याच. फोन केला की तुझी माणसं उचलतात आणि निरोप देतो म्हणतात, म्हणून शेवटी कागद घेतला.

काल आमच्या बाइंडिंगखान्यात तुझा पॉडकास्ट लावला होता. अडीच तास! आम्ही आठजणी छापील कागदांना घड्या घालत होतो आणि टेबलावरच्या फोनमधून तू बोलत होतास. पाण्याच्या पाइपलाइनवर आलास तेव्हा निम्म्या जणी जांभया देत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही. मग त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी बाबांबद्दल विचारलं. तू म्हणालास की शेवटच्या दुपारी तू त्यांच्या उशाशी होतास, सलाइन संपत आलं होतं, नर्सला बोलवायला उठावं तर ते तुझा हात सोडत नव्हते. आमच्या शिलाईवालीनं सुई खाली ठेवून डोळे पुसले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घालून घड्या घालत राहिले.

अरे, तू कुठे होतास तिथे? मी होते. तू सहा तासांच्या अंतरावर पक्षाच्या बैठकीत होतास, दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. हे सगळं मीच तुला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं होतं. बाबांचं माझ्याकडे तेवढंच होतं रे, तेही तू नेलंस. मला फार लागलं.

मुलांना गोड पापा. माझी माया आटायची नाही, पण आज राग आहे.
तुझी ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र कार्यालयात आलं. कुणी फोडायच्या आत मी उचललं.

सभेत दहा मिनिटं बोलायचं असतं, समोर गर्दी असते, माणूस सावध असतो. इथे बंद खोली, कानांवर हेडफोन, समोर मान डोलावत ऐकणारी एकच बाई. दीड तासानंतर आपण निवडणुकीला उभे आहोत हेच डोक्यातून जातं. मी तुझंच सांगायला लागलो होतो ताई, पण तोंडातून 'मी' निघालं. मग मागे घेता येईना. घ्यावंसंही वाटेना. मी तिथे असायला हवा होतो, हे इतकी वर्षं मला खातंय.

आता तो दीड मिनिटाचा तुकडा घरोघरच्या फोनवर फिरतोय. मतदारांच्या पाहणीत मागे होतो, तो बरोबरीला आलो. पक्षाची माणसं म्हणतात, पाइपलाइन पुरे, वडिलांवर बोला. गुरुवारी दुसऱ्या पॉडकास्टवर जायचंय, त्यांनाही तेच हवंय. त्यात समोरच्यांना कुणकुण लागली आहे. एक पत्रकार तुझ्याकडे येईल. हात जोडतो, आठवत नाही एवढंच म्हण. मतदान वीस तारखेला आहे. पाच वर्षांची मेहनत मातीत जाईल गं.

रागाव, पण मला टाकू नकोस.
तुझा ढब्ब्या

ता. १० मार्च

चि. ढब्ब्यास,
अनेक आशीर्वाद. पत्रकार येऊन गेला. बरा माणूस वाटला. मी त्याला म्हटलं, ज्यानं सांगितलं त्याला विचारा. तो पुन्हा येणार आहे. आठवत नाही असं मी म्हणणार नाही. मला सगळं आठवतं.

आता पायऱ्यांवर न सांगितलेलं ऐक. बाबांना शेवटी दिसत नव्हतं. सकाळपासून दर पाच मिनिटांनी विचारत होते, आला का? दुपारी श्वास लागला तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं, आला. हातातली बांगडी काढली, माझा हात त्यांच्या हातात दिला आणि गप्प बसले. त्यांनी तो चाचपला. ढब्ब्या, हात किती खरखरीत झालेत रे, म्हणाले, इतकं काम करू नकोस. मग गेले. माझं नावसुद्धा निघालं नाही.

म्हणजे तुझ्या आधी मीच खोटं बोलले. पण ते एका माणसाला सुखानं जाता यावं म्हणून. त्यांना कुणाला मत द्यायचं नव्हतं.

गुरुवारी काय बोलायचं ते तुझं तू ठरव. निवडून आलास तर पाण्याचं काम तू खरंच करशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त जीव जळतो. जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुरुवारी सांगून टाकलं. मी नव्हतो, माझी बहीण होती. मुलाखत घेणारा घाबरला, एवढा भाग कापू का म्हणाला. मी राहू दे म्हटलं. तू बाबांना काय सांगितलंस ते मात्र बोललो नाही. ते आपल्या दोघांतच राहील.

आता हा तुकडा पहिल्यापेक्षा जोरात फिरतोय, खाली खोटारडा असं लिहून. पाहणीत आधी होतो त्याच्याही मागे गेलो. बहुतेक पडणार. कार्यालयात माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. माइकवर माझी जीभ उचलली नाही, तुला लिहितो. त्या दुपारी तुझे दोन फोन आले होते. तू नंतर विचारलंस तेव्हा मी रेंज नव्हती म्हणालो. रेंज होती, ताई. मी तुझं नाव बघितलं आणि फोन पालथा ठेवला, कारण माझ्या भाषणाचा नंबर पुढचा होता.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तू ठरव.
तुझा ढब्ब्या